आधी खालचं घर

१

घरं दाखवणारे एजंट मला दोन दिवसांत कंटाळतात. या शहरातला तर दीड दिवसातच कंटाळला. "मॅडम, तुम्ही घर बघायला आलाय की चोर पकडायला?" असं त्याने मला पाचव्या घराच्या जिन्यात विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही. चोर नाही सापडला तर घर घेईन."

माझं कामच तसं आहे. विमा कंपनीसाठी मी घरांच्या नुकसानीची पाहणी करते. पाणी झिरपलं, छत पडलं, भिंत तडकली की लोक दावा लावतात. ते खरं बोलतायत की थापा मारतायत हे बघायला मी जाते. सतरा वर्षं झाली. त्यात एक गोष्ट पक्की शिकले: घर बघायचं तर आधी त्याच्या खालचं घर बघायचं. वरचा माणूस फरशी पुसून, भिंतीला ताजा रंग मारून गोड हसत बसलेला असतो. खालच्याचं छत मात्र खोटं बोलत नाही. ओल कुठे आहे, नळ किती वर्षं गळतोय, कोण सारखं फर्निचर सरकवतं, सगळं खालच्याला ठाऊक असतं आणि विचारायचाच अवकाश, तो धडाधडा सांगतो.

या वेळी घर मला स्वतःला हवं होतं. म्हणजे खारूला हवं होतं.

खारू माझी मुलगी, नऊ वर्षांची. शाळेतलं नाव वेगळं आहे. पण ही बया पाय फुटल्यापासून कधी चाललीच नाही, नुसती पळायची, म्हणून खारू. स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीच्या भिंतीपर्यंत दिवसभर तिच्या येरझाऱ्या चालायच्या. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, बापासारखीच, त्यामुळे कुठलाही बूट तिला चावायचा आणि ही घरभर अनवाणी. दीड वर्षापूर्वी आठ दिवस तापाने फणफणली. ताप उतरला तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी हात टेकले. या शहरातल्या फिजिओथेरपी सेंटरच्या डॉक्टरबाईंनी कागद बघितले आणि सांगितलं, आणा, पण वर्षभर रोज दोनदा आणावं लागेल. मी बदली मागून घेतली, आठ दिवसांची रजा टाकली आणि सोमवारी सकाळी एकटीच इथे उतरले. नवरा खारूपाशी थांबला.

माझी यादी चार ओळींची होती. लिफ्ट हवी, घरात उंबरे नकोत, दारं बत्तीस इंची हवीत आणि सेंटर दहा मिनिटांवर हवं. गुरुवारी दुपारपर्यंत अकरा घरं बघून झाली होती आणि अकराच्या अकरा नापास झाली होती.

२

बारावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एजंट लिफ्टमध्ये शिरून तीनचं बटण दाबणार, तेवढ्यात मी दोनचं दाबलं. त्याने कपाळावर हात मारला. "चला, आता तुमची ती खालची पाहणी."

दुसऱ्या मजल्यावरच्या दारावर पाटी होती, दातांच्या कवळ्या बनवून मिळतील. दार साठी उलटलेल्या एका काकांनी उघडलं. अंगात पांढरा कोट, कपाळावर सरकवलेलं भिंग, बोटांना गुलाबी मेण. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं तुम्हीच आलात. तुमच्या मुलीला जरा सांगाल का? रागावू नका तिला. फक्त चार वाजता नको म्हणावं."

मी म्हटलं, "काय चार वाजता?"

"पळायला हो. माझं दात बसवायचं काम त्याच वेळेला असतं. मेण मऊ असतं, हात स्थिर लागतो. ती वर पळाली की इथे टेबल थरथरतं आणि वरून भुगा पडतो. कालची अख्खी कवळी वाकडी झाली. ज्यांची आहे ते गृहस्थ आता जन्मभर डाव्या बाजूने हसतील."

मी एजंटकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. "काका, आम्ही अजून आलेलो नाही," मी म्हटलं. "घर बघायलाच आलेय. वर कोणी राहतं का?"

काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या काचेआड त्यांचा एक डोळा बशीएवढा झाला. "कुणी राहत नाही? मग पळतंय कोण?"

"सात महिने बंद आहे घर," एजंट म्हणाला. "काकांचं वय झालंय, मॅडम."

वय झालेल्या माणसांनी मला आजवर बरंच काही सांगितलंय आणि त्यातलं बहुतेक खरं निघालंय. मी आत जाऊन छत बघितलं. ओल नव्हती, डागही नव्हता. केसाएवढी एक बारीक भेग तेवढी होती, स्वयंपाकघराच्या बाजूने निघून सरळ रेषेत बाल्कनीकडे गेलेली. तिच्या खाली टेबलावर दातांचे साचे ओळीने मांडले होते आणि त्यांच्यावर पांढरा भुगा पडलेला होता. मी बोटावर घेऊन बघितला. चुन्याचाच होता, आणि ताजा होता.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"सोमवारपासून," काका म्हणाले.

३

वरच्या घरात शिरल्या शिरल्या मी उंबरे शोधायला लागले. एजंटने ही संधी साधून खिडक्या उघडल्या.

घरात उंबरा नव्हता, एकही नाही. मुख्य दारालाही नव्हता. त्यामुळे दाराखाली दोन बोटांची फट राहिली होती आणि तिच्यातून बाहेरचा उजेड आत येत होता. मी टेप काढली. प्रत्येक दार बत्तीस इंच भरलं. बत्तीसच, पाव इंचही इकडेतिकडे नाही. दिव्यांची बटणं खाली होती, नऊ वर्षांच्या मुलीचा हात खुर्चीत बसून पोचेल इतकी खाली. न्हाणीघरात धरायला दांड्या होत्या आणि त्याही मुलाच्या मापाच्या. बाल्कनीतून समोर बघितलं तर सेंटरचा पाण्याचा टँक दिसत होता.

कुणीही दुसरी बाई असती तर तिथेच बसून रडली असती. मला मात्र घाम फुटला. सांगते का ते. दावा खोटा असला की तो फार नीट असतो. खरं नुकसान वेडंवाकडं असतं, त्यात काहीतरी जुळत नाही, माणूस तारीख विसरतो. पण सगळी मापं जिथल्या तिथे बसायला लागली की समजायचं, कुणीतरी आपल्यासाठी मांडून ठेवलंय.

"हे सगळं कुणासाठी केलंय?" मी एजंटला विचारलं.

"मालकांनी करून घेतलं असेल."

"मालकांच्या घरात कुणी आजारी होतं?"

"मी त्यांना कधी भेटलोच नाही हो. फोनवर बोलणं. चावी पोस्टाने आली." मग जरा चिडून म्हणाला, "तुम्हाला हवं ते मिळालं तरी तुमचा प्रॉब्लेमच."

मी वाकून फरशी बघितली. सात महिन्यांची धूळ होती, एकसारखी पसरलेली. तिच्यात आमच्या दोघांच्या चपला-बुटांचे ठसे सोडले तर काही नव्हतं. सोमवारपासून इथे कुणी पळत असेल तर ते धुळीला हात न लावता पळत होतं. शेजारच्या इमारतीतला आवाज असणार, मी स्वतःला सांगितलं. काँक्रीटमधून आवाज कुठला कुठे जातो.

तरी निघताना मी माझं नेहमीचं काम केलं. भेग वाढतेय की थांबलीय हे बघायला आम्ही तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवतो आणि पट्टीवर तारीख घालून सही करतो. पट्टी फाटली तर भेग जिवंत. तशी एक पट्टी मी मुख्य दाराला बाहेरून लावली, अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर. एजंट लिफ्टमध्ये मला म्हणाला, "आता दारावर पण संशय?"

लॉजवर आल्यावर नवऱ्याचा फोन आला. आवाज नाचत होता. "अगं, ऐक. खारू आजही चारला झोपली. बसल्या बसल्या मान टाकली. आणि उठली ती घामाघूम, धापा टाकत. म्हणते, बाबा, पाय दुखतायत. पाय, कळतंय का तुला? मी त्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, फार चांगली खूण आहे, लवकर आणा."

"आजही म्हणजे?" मी विचारलं.

"चार दिवस झाले की. आधी सांगितलं नाही, म्हटलं उगाच आशा नको लावायला. तू गेलीस त्या दिवसापासून."

मी म्हटलं, "बरं."

४

शुक्रवारी पावणेचारला मी काकांकडे जाऊन बसले. एजंट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला होता, चावी त्याने माझ्या हातात टाकली होती. काकांनी चहा दिला, मग भिंग लावून समोरच्या जबड्यात एकेक दात बसवायला घेतला. मी छताकडे बघत बसले. इतकी सरळ बसले होते की मान आखडली.

चारला दोन मिनिटं कमी असताना काकांनी कवळी बाजूला ठेवली आणि साच्यांवर फडकं टाकलं.

मग सुरू झालं.

आधी स्वयंपाकघराच्या बाजूला. अनवाणी पावलं, छोटी, पटपट. तीन पावलं आणि एक उडी. तीन पावलं, एक उडी. डोक्यावरून भेगेच्या रेषेत बाल्कनीकडे गेली आणि तिकडे भिंतीवर तळहाताची थाप पडली. मग वळून परत. दिवा हलायला लागला. फडक्यावर भुगा पडला.

माझ्या हातातला कप कधी लवंडला मला कळलं नाही. चहा गुडघ्यावर सांडला तोही कळला नाही.

पावलं कुणाचीही असू शकतात. पळणारी मुलं जगात काय कमी आहेत? पण तीन पावलं, एक उडी आणि शेवटी भिंतीवर थाप, हे मी सात वर्षं ऐकलंय. "अगं बये, भिंत पडेल!" असं मी रोज ओरडले आहे. दीड वर्ष मी त्या आवाजासाठी तळमळले आहे. आपल्या लेकराचं पाऊल आईला कळत नाही का?

मी जिना चढून वर धावले. पट्टी जशीच्या तशी होती, माझी सही, माझी तारीख. दाराला कान लावला तर आत आवाज चालूच होता. ब्लेडने पट्टी कापली, चावी लावली, दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. धुळीत आमचे कालचे ठसे होते, बस. मी सगळ्या खोल्या फिरले. बाल्कनीच्या भिंतीपाशी गुडघ्यावर बसून तिच्या हाताच्या उंचीवर तळवा ठेवला. दुपारी ती भिंत सावलीत असते, गारच असायला हवी होती. ती कोमट होती, आणि माझ्या हाताखाली हळूहळू गार झाली.

तिथूनच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, खारू काय करतेय?

"झोपली होती, आत्ताच दचकून उठली. किती धापा टाकतेय बघ, ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं.

५

त्या दिवशी मी तिथून लगेच निघाले नाही. माझ्यातली आई केव्हाच घराला हो म्हणून बसली होती. पण दावा मंजूर करायच्या आधी माळा बघायचा असतो. लोक नको ते सगळं माळ्यावर टाकतात.

न्हाणीघराच्या वर माळा होता, सरकत्या दाराचा. बादली पालथी घालून मी चढले. आत तीन व्हीलचेअर होत्या. घडी घातलेल्या, एकीला एक लावून ठेवलेल्या, तिन्ही लहान मुलांच्या. एकीच्या हाताला लोकरीचं निळं गोंड्याचं काहीतरी बांधलेलं होतं, घरी विणलेलं. माळ्यावर बोटभर धूळ होती आणि खुर्च्या लख्ख पुसलेल्या होत्या.

मी पुन्हा काकांकडे गेले. उभ्या उभ्याच विचारलं, "काका, याआधी वर मुलं राहायची?"

"राहायची. येतात, पळतात, मग जातात."

"जातात ती कशी जातात? चालत?"

"ते मी कसं सांगू? मी कधी बघितलंच नाही त्यांना. माझं काम खाली बघून असतं." त्यांनी एक दात चिमट्यात धरला, उजेडात फिरवला. "माणसं गेल्याचं कळतं. सामान उतरतं, टेम्पो लागतो. पळणं मात्र त्यानंतरही काही दिवस चालतं. मग हळूहळू कमी होतं."

"माणसं गेल्यानंतरही?"

"मी तेच म्हणालो ना?" काका म्हणाले आणि कामाला लागले.

लॉजवर जाऊन मी पलंगावर बसले आणि स्वतःशीच उलटतपासणी सुरू केली. खुर्च्या मागे का राहिल्या? मुलं बरी झाली, आपल्या पायांनी लिफ्टमध्ये शिरली, म्हणून खुर्ची नको झाली. हे एक. हेच खरं असावं असं माझं मन हातापाया पडून सांगत होतं, म्हणूनच मला ते पटेना. पोरांचं पळणं जर घरात मागे राहत असेल, तर बाहेर जे गेलं ते काय? आणि नवी खुर्ची काय कुठेही मिळते.

घर मला नेमकं तेच ऐकवत होतं जे मला ऐकायचं होतं. सतरा वर्षं मी अशी घरं नापास करत आलेय. दुसऱ्या दिवशी एजंटला चावी परत दिली आणि तेरावं घर न बघताच घेतलं.

६

तेरावं घर तळमजल्यावर होतं. समोर टायरचं दुकान, दिवसभर हवा भरल्याचा फुसफुसाट. उजेडाच्या नावाने ठणठणाट. तीन उंबरे होते, त्यांवर नवऱ्याने लाकडी उतार ठोकून घेतले. सेंटर चाळीस मिनिटांवर. खारूने खुर्चीतून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "आई, तू खरंच बघून घेतलंस हे?"

"बघून घेतलं," मी म्हटलं.

"मग चष्मा बदल."

बोलण्यात ती माझ्यावर गेलीय. मी हसले. पण त्या दिवशी चार वाजले आणि ती टक्क जागी होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही ती जागीच. झोप नाही, घाम नाही, दुखणं नाही. सेंटरमध्ये डॉक्टरबाईंनी तळव्याला टाचणी लावून बघितली, मग जरा जोरात लावून बघितली. खारू छताकडे बघत होती. "फोनवर तर म्हणाला होतात, दुखतंय म्हणून," बाई म्हणाल्या. दोन आठवडे झाल्यावर त्यांनी तेही म्हणायचं बंद केलं.

शेवटी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. भुगा, पट्टी, थाप, माळा. तो माणूस माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. खारूच्या बंद दाराकडे बघत म्हणाला, "तुला तिची पावलं ऐकू आली. आणि तू ते घर सोडून आलीस?"

"अरे, त्या तीन खुर्च्या..."

"तू पावलं सोडून आलीस," तो म्हणाला आणि उठून गेला.

७

दुसऱ्या दिवशी तीनला ऑफिसातून निघून मी सरळ तिथे गेले. आधी दुसऱ्या मजल्यावर. सवय कुठे जाते.

काकांनी दार उघडलं. टेबलावरच्या साच्यांवर भुगा नव्हता. "आता पळत नाही ती," मी न विचारताच ते म्हणाले. "चार वाजले की दारापाशी येते आणि उभी राहते. तेवढंच. मला काय, माझ्या कवळ्या सरळ होतायत. पण बरं नाही वाटत हो ऐकायला."

मी एजंटला फोन केला. तो वीस मिनिटांत चावी घेऊन आला. "घर अजून कुणाला दिलं नाही," तो म्हणाला. "मालक म्हणाले, ठेवा, त्या मॅडम येतील परत." मी त्याला खालीच थांबायला सांगितलं.

तिसरा मजला. त्या शुक्रवारी निघताना लावलेली माझी दुसरी पट्टी तशीच होती, कोपरासुद्धा उचकटलेला नव्हता. चारला पाच मिनिटं होती. मी तिथेच लादीवर आडवी झाले, ऑफिसच्या कपड्यांनिशी, गाल फरशीला लावून, आणि दाराखालच्या फटीतून आत बघितलं.

बराच वेळ नुसती धूळ आणि बाल्कनीतला उजेड. मग पावलं ऐकू आली. पळत नव्हती, चालत होती. फटीसमोर येऊन दोन लहान पाय थांबले, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. आणि बोटं हलत होती, खारू वाट बघताना हलवायची तशी.

त्या पायांच्या मागे आणखी पाय होते. ते हलत नव्हते. मी डोळे मिटून घेतले, म्हणून किती ते नीट बघितलं नाही. पण बघायची गरजच नव्हती. माळ्यावर मोजले होते मी.

म्हणजे माझा संशय खरा होता. ती तीन मुलं आपल्या पायांनी या घरातून गेली नव्हती. आणि माझी तर इथे कधी आलीसुद्धा नव्हती, तरी तिचे पाय आत होते. मी सोमवारी शहरात उतरले, मनात चार ओळींची यादी घेऊन हिंडले, त्याच दिवशी घराने ते उचलले असणार. आता मी घर घेतलं काय किंवा न घेतलं काय, काय फरक पडणार होता?

मी उठले. ब्लेड नव्हतं, नखाने पट्टी फाडली. चावी फिरवली आणि दार सताड उघडलं. आत कुणी दिसलं नाही. मी हाक मारली, "खारू, चल बाळा, घरी चल." हाक तिला एकटीलाच मारली, शपथेवर सांगते. कामाचा नियम आहे, पाहणी झाली की दार लावायचं, सही करायची आणि मगच जागा सोडायची. सतरा वर्षांत मी तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी दार उघडंच टाकून मी जिना उतरले. मागून अनवाणी पावलं यायला लागली होती आणि दार लावायला थांबले तर ती थांबतील अशी मला भीती वाटली.

तीन पावलं, एक उडी. जिन्यात आवाज घुमतो, तो एकाचा होता की जास्त जणांचा, ते मी ऐकलं नाही.

८

घरी नवऱ्याने दार उघडलं तेव्हा तो रडत होता. "अगं, चारनंतर झोप लागली तिला. आत्ता ओरडून उठली. पाय दुखतायत म्हणते." त्याने मला मिठी मारली. मी त्याच्या खांद्यावरून खारूकडे बघितलं. ती पांघरूण बाजूला सारून आपले पाय निरखत होती, कुणी दुसऱ्याची वस्तू आणून ठेवावी तसे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी टाचणी टोचली. एकदाच टोचली, मी शेजारीच उभी होते. खारू म्हणाली, "आई गं." मग परत म्हणाली, "आई गं." मग परत. मग परत.

बाई हसल्या. "अगं, एकदाच टोचलं की! किती ओरडशील?" नवराही हसला, डोळे पुसत हसला. खारू हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे पाहिलं.

सतराव्या दिवशी ती उभी राहिली. महिन्याभरात चालायला लागली, आणि चालायला लागल्यावर चालतेय कशाला, पळायलाच लागली. सेंटरवाल्यांनी तिचा फोटो भिंतीवर लावलाय. व्हीलचेअर घडी घालून पलंगाखाली आहे. नवरा ती कुणालातरी देऊन टाकू म्हणतो, मी अजून देऊ दिलेली नाही.

दुपारी मी घरी असले तर स्वयंपाकघरात भाजी निवडत बसते. बाहेर तिच्या येरझाऱ्या चालतात. तीन पावलं, एक उडी, भिंतीवर थाप. मग अर्धा श्वास जातो आणि तिच्या मागून भिंतीवर आणखी थापा पडतात. टायरच्या दुकानाचा आवाज असेल. नवऱ्याला तेवढंच ऐकू येतं जेवढं त्याला ऐकायचंय, आणि तो सुखात आहे. "अगं, बाहेर ये ना, बघ तरी लेकीकडे!" तो हाक मारतो. मी म्हणते, "ऐकतेय रे, हात ओले आहेत." आणि मान वर करत नाही. माझं काम आता खाली बघून असतं.

तळमजल्याचं एक बरं आहे. आमच्या खाली कुणी राहत नाही.